युरोपी बंपरची जुनी बीएमडब्ल्यू अमेरिकेत आणताना

१९८६ साली तयार झालेली दोन दारांची बीएमडब्ल्यू ३२५आय मी जर्मनीत विकत घेऊन न्यू जर्सीला आणली आणि एप्रिल २०२३ मध्ये ती माझ्या नावावर रीतसर नोंदली गेली. हे काम हाती घेण्यापूर्वी मी बरीच शोधाशोध केली होती. सीमाशुल्क, परिवहन आणि पर्यावरण या तिन्ही खात्यांची कागदपत्रे कोणत्या क्रमाने लागतात, पैसे कुठे कुठे मोजावे लागतात आणि अमेरिकेचे नियम अशा गाड्यांच्या बंपरविषयी नेमके काय सांगतात, हे मराठीत एका ठिकाणी मला कुठेच सापडले नाही. म्हणून जे जसे घडले ते तसे क्रमाने लिहून ठेवतो आहे.

बंपरपासूनच सुरुवात करतो, कारण हा सगळा खटाटोप त्याच्यासाठीच होता. ई३० या सांकेतिक नावाने ओळखली जाणारी ही पिढी अमेरिकेतही भरपूर विकली गेली आणि बऱ्या स्थितीतली गाडी इथे आजही मिळते. पण ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरच्या अमेरिकी ई३० चे बंपर गाडीच्या नाकापासून आणि डिकीपासून चांगलेच बाहेर आलेले असतात. इथले शौकीन त्यांना ‘डायव्हिंग बोर्ड’, म्हणजे तलावात सूर मारायची फळी, म्हणतात. युरोपी गाडीची लांबी ४,३२५ मिलिमीटर आहे. अमेरिकी गाडी केवळ बंपरमुळे त्याहून सुमारे पाच इंच लांब भरते. दारे, छप्पर, काचा सगळे तेच असूनही दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या तर त्या एकाच कारखान्यातून निघाल्या असतील यावर पटकन विश्वास बसत नाही.

जुलै २०२२ मध्ये न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या एका परिचितांनी त्यांच्या १९८७ च्या अमेरिकी गाडीचा पुढचा बंपर रंगकामासाठी उतरवला होता, तेव्हा मला तो नीट पाहता आला. बाहेरून चकचकीत दिसणारा भाग म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची जाड तुळई होती आणि तिच्या मागे दोन्ही बाजूंना एकेक हायड्रॉलिक दांडा होता. हलका धक्का बसला की दांडा आत जायचा आणि धक्का ओसरला की पुन्हा बाहेर यायचा, अशी ती योजना होती. दांड्याला आत सरकायला जागा हवी, म्हणून बंपर गाडीपासून लांब ठेवलेला होता आणि मधली फट झाकण्यासाठी कडेला काळे रबर बसवलेले होते. तुळई उचलायला आम्हा दोघांना हात लावावा लागला. इतके वजन गाडीच्या अगदी टोकाला लटकवल्यावर वळणावर काय होत असेल, हे वेगळे सांगायला नको. एरवी मी त्या बंपरला कुरूप म्हणून मोकळा झालो असतो. पण ते दांडे हाताने दाबून पाहिल्यावर हे का केले असावे, याचा शोध घ्यावासा वाटला.

त्याचे मूळ १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आहे. अमेरिकेच्या केंद्रीय मोटार सुरक्षा मानकांपैकी २१५ क्रमांकाचे मानक सप्टेंबर १९७२ पासून, म्हणजे १९७३ च्या मॉडेलांपासून लागू झाले. ताशी ५ मैल वेगाने पुढून आणि ताशी अडीच मैल वेगाने मागून स्थिर भिंतीवर आदळल्यावरही दिवे, इंधनाची व्यवस्था, रेडिएटर आणि कुलपे शाबूत राहिली पाहिजेत, अशी त्याची अट होती. पुढच्या वर्षी मागच्या बाजूलाही ५ मैलांची अट आली आणि जमिनीपासून १६ ते २० इंचांच्या पट्ट्यात लंबकाचा ठोसा मारून चाचणी सुरू झाली. ऑक्टोबर १९७२ मध्ये अमेरिकी संसदेने ग्राहकांचा मोटारीवरचा खर्च वाचवण्यासाठी एक वेगळा कायदा केला आणि त्याच्या आधारे पुढे ‘भाग ५८१’ हा बंपरचा नियम आला. १९८० च्या मॉडेलांसाठी तर खुद्द बंपरवर पडणाऱ्या पोच्यालाही मर्यादा घातली गेली. जुलै १९८२ मध्ये ही अट सैल होऊन ताशी अडीच मैलांवर आली आणि आजही तीच आहे.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सुरक्षा नियम म्हटले की आपल्याला माणसांचे जीव आठवतात. पण भाग ५८१ चा घोषित हेतू कमी वेगाच्या धडकेत होणारे गाडीचे नुकसान कमी करणे हा आहे. म्हणजे हा मुख्यत्वे दुरुस्तीच्या बिलाचा नियम आहे. दुरुस्तीचे बिल ही काही क्षुल्लक बाब नाही आणि सामान्य कुटुंबाच्या गाडीसाठी मला हा नियम योग्यच वाटतो. मात्र युरोपातून येणाऱ्या हलक्या, वेगवान गाड्यांना त्याने जो आकार दिला, त्याची किंमत चालवणाऱ्याने मोजली. ब्रिटिश एमजीबी या गाडीला १९७४ मध्ये काळे रबरी बंपर आले आणि ते ठरलेल्या उंचीवर यावेत म्हणून अख्खी गाडीच उचलली गेली, त्यामुळे तिचे वळणावरचे वागणे बिघडले. मर्सिडीझच्या दोन आसनी एसएल गाडीला अमेरिकेसाठी इतके लांब बंपर लावले गेले की मूळ रेषा हरवल्या. पोर्शेने मात्र १९७४ च्या ९११ साठी बंपर आणि गाडी यांच्यामध्ये घडीचे रबरी भाते बसवून नियमालाच आकृतीचा भाग केले आणि ती रचना १९८९ पर्यंत टिकली. माझ्या मते नियमाला दिलेले सर्वांत चांगले उत्तर तेच होते.

अमेरिकी गाडीच घेऊन तिला युरोपी बंपर लावणे हा सोपा मार्ग आहे आणि तो पुष्कळ जण पत्करतात. मीही आधी त्याचाच हिशोब मांडला. केवळ क्रोमच्या पट्ट्या बदलून भागत नाही. पुढच्या बंपरखालचा पत्रा, आधाराचे ब्रॅकेट आणि कडेचे प्लास्टिक बदलावे लागते, हायड्रॉलिक दांडे काढल्यावर उरलेली भोके बंद करावी लागतात आणि मग रंगकाम आलेच. चांगल्या स्थितीतले जुने क्रोम जर्मनीतूनच मागवावे लागते. त्यात १९८६ च्या अमेरिकी मॉडेलांत ३२५आय नव्हतेच. इथे इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर चालणारे, १२१ अश्वशक्तीचे ३२५ई होते. युरोपी ३२५आय १७१ अश्वशक्तीची आहे. हे सगळे पाहता पूर्ण गाडीच आणणे मला अधिक सरळ वाटले.

आयातीचा कायदा एका तारखेभोवती फिरतो. तयार झाल्याच्या तारखेपासून २५ वर्षे पूर्ण झालेल्या गाडीला केंद्रीय सुरक्षा मानके आणि बंपरचा नियम लागू होत नाहीत. त्याहून नवी, अमेरिकेसाठी न बनवलेली गाडी आणायची असेल तर ती सरकारच्या पात्र गाड्यांच्या यादीत असावी लागते, नोंदणीकृत आयातदारामार्फतच यावी लागते, तिच्या करपात्र किमतीच्या दीडपट रकमेचा बाँड, म्हणजे हमीपत्र, भरावा लागतो आणि १२० दिवसांत तिला मानकांत बसवून दाखवावे लागते. ऑगस्टमध्ये मी अशा एका आयातदाराला फोन करून एका नव्या गाडीविषयी विचारले होते. बंपरच्या आतली तुळई, कडेचे दिवे, परावर्तक आणि वेगमापक यांच्या बदलांची यादी त्यांनी शांतपणे सांगितली. खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ जात होता. ज्या बंपरसाठी गाडी आणायची तोच बदलायचा असेल तर त्यात मला अर्थ दिसेना, म्हणून मी ऐंशीच्या दशकातच राहायचे ठरवले.

सप्टेंबरमध्ये स्टुटगार्टजवळच्या एका गावात मनासारखी गाडी दिसली. पुण्यातला माझा महाविद्यालयीन वर्गमित्र गेली काही वर्षे स्टुटगार्टला नोकरी करतो. त्याने ऑक्टोबरच्या एका शनिवारी जाऊन ती पाहिली. मी त्याला सांगून ठेवले होते की इंजिनचा आवाज नंतर ऐक, आधी बंपरच्या मागे टॉर्च मारून बघ. अमेरिकेतून परत जर्मनीत गेलेल्या आणि तिथे नवे बंपर लावलेल्या गाड्याही बाजारात असतात. त्यांत दांड्यांच्या जागा बुजवल्याच्या खुणा दिसतात. शिवाय क्रोमच्या आतल्या बाजूला पाणी साचून गंज धरतो, तो बाहेरून कळत नाही.

त्याचा फोन आला तो गाडीखालूनच. “अरे, इथे दांडा वगैरे काही नाहीये. नुसते लोखंडी ब्रॅकेट आहेत आणि सरळ बोल्ट मारलेत. डाव्या बाजूच्या बोल्टला गंज आहे, पण पत्रा ठणठणीत वाजतोय. आणि बंपर इतका पातळ आहे की हाताने दाबला तर वाकेल की काय असं वाटतं.” त्याने पाठवलेल्या छायाचित्रात क्रोमच्या सडपातळ पट्टीच्या मधोमध काळे रबर होते आणि पट्टी दिव्यांच्या खाली अगदी अंगाला चिकटून बसलेली होती. जॅक लावण्याच्या जागा आणि मागच्या काचेभोवतीचा पत्राही त्याने पाहिला. त्यानंतर किमतीचे बोलणे झाले आणि डॉलरमध्ये ती सुमारे १८,२०० ठरली. तेव्हा युरो आणि डॉलर जवळजवळ बरोबरीला आले होते, त्याचा मला फायदा झाला.

पैसे पाठवण्यापूर्वी तयार झाल्याच्या तारखेचा पुरावा मिळवावा, हे मी आग्रहाने सांगेन. जर्मन नोंदणीपत्रावर पहिल्या नोंदणीची तारीख असते, तयार झाल्याची नसते. ३६ वर्षांच्या गाडीला त्याने काही फरक पडत नाही. पण ज्यांची गाडी जेमतेम पंचविशीला टेकली आहे, त्यांच्यासाठी महिनासुद्धा निर्णायक ठरतो. कंपनीच्या संग्रहालय विभागाकडे चासी क्रमांक देऊन विचारणा केली की त्या गाडीची उत्पादनाची तारीख लेखी मिळते. मी ती मागवली आणि पुढे प्रत्येक टेबलावर तो कागद उपयोगी पडला.

नोव्हेंबरमध्ये खरेदीचा करार झाला. जर्मनीत नोंदणीपत्राचे दोन भाग असतात आणि मालकीचा दुसरा भाग मूळ प्रतीतच हवा, कारण अमेरिकेत टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा दाखला, काढताना तोच मागतात. ३,००० युरोंहून अधिक किमतीच्या मालाला निर्यातीची घोषणा दोन टप्प्यांत करावी लागते: आधी विक्रेत्याच्या भागातल्या सीमाशुल्क कार्यालयात आणि मग बंदरावर. हे काम वाहतूकदाराने केले. स्टुटगार्टहून ब्रेमरहाफेन या जर्मन बंदरापर्यंत ट्रेलरने नेण्याचे ६५० युरो आणि तिथून न्यू जर्सीतल्या न्यूअर्क बंदरापर्यंतच्या जहाजाचे सुमारे १,४५० डॉलर झाले. ज्या जहाजात गाडी चालवत चढवतात, त्या प्रकारच्या जहाजासाठी टाकीत पाव भागाहून कमी पेट्रोल असावे लागते आणि आत सुटे सामान ठेवता येत नाही. गाडीच्या तळाला परदेशी माती चिकटलेली चालत नाही, म्हणून निघण्यापूर्वी वाफेने धुऊन घेतली आणि त्याची पावती कागदांत लावली. ही पावती कोणी सुचवत नाही, पण जरूर घ्यावी.

डिसेंबर वाट पाहण्यात गेला. सुट्ट्यांमुळे जहाजाची तारीख पुढे ढकलली गेली आणि गाडी जानेवारी २०२३ च्या मध्यावर निघाली. सगळे पैसे दिलेले, गाडी आपली, आणि ती कुठल्या तरी थंड धक्क्यावर उघड्यावर उभी आहे, ही कल्पना त्या दिवसांत झोप लागू देत नसे. सागरी विमा घेतला होता आणि त्यासाठी बंपरची सर्व बाजूंनी छायाचित्रे काढून ठेवली होती. गाड्या एकमेकींना अगदी खेटून लावतात आणि क्रोमवरचा पोचा जुना की नवा, यावर वाद होऊ शकतो; तारखेसह छायाचित्र असले की बोलणे सोपे होते.

अमेरिकेच्या बाजूने मी सीमाशुल्क दलाल नेमला. बाँडसह त्याची फी सुमारे ६०० डॉलर झाली आणि ते पैसे सार्थकी लागले असे मी म्हणेन. जहाज येण्याआधीची सुरक्षा माहिती त्यानेच वेळेत भरली. ती चुकली तर ५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. परिवहन खात्याचा एचएस-७ हा अर्ज भरताना पहिल्या चौकोनावर खूण केली, कारण तो २५ वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी आहे. बंपरचा सगळा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने त्या एका खुणेने मिटतो. पर्यावरण खात्याच्या ३५२०-१ या अर्जात ‘ई’ हे संकेताक्षर लिहिले. ते २१ वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपातल्या गाडीला लागू होते, म्हणून इंजिन बदललेली गाडी घेताना फार विचार करावा.

शुल्काचा हिशोब असा झाला: किमतीच्या अडीच टक्के दराने ४५५ डॉलर सीमाशुल्क, ०.३४६४ टक्के दराने सुमारे ६३ डॉलर प्रक्रिया शुल्क आणि ०.१२५ टक्के दराने सुमारे २३ डॉलर बंदर देखभाल शुल्क. हे दर तेव्हाचे आहेत. आता आणणाऱ्यांनी दलालाकडून चालू दर विचारून घ्यावेत.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला जहाज लागले आणि मग काहीच हलेना. गाडी तपासणीसाठी बाजूला काढली होती, एवढेच दलालाला कळले. ठराविक मोफत दिवस संपल्यावर धक्क्यावर भाडे सुरू होते आणि तपासणी कोणामुळेही लांबली तरी ते मालकालाच भरावे लागते. त्यासाठी २००-३०० डॉलर वेगळे काढून ठेवावेत. अखेर सुटकेचा शिक्का मिळाला. बंदराच्या आवारात केंद्र सरकारचे ओळखपत्र असल्याशिवाय एकट्याने जाता येत नाही, म्हणून पैसे देऊन सोबती घ्यावा लागतो. तो मला रांगेतून आत घेऊन गेला. पाऊस पडत होता. उंच पिकअप गाड्यांच्या मध्ये ती उभी होती आणि शेजारच्या ट्रकचा बंपर तिच्या दिव्यांच्याही वर होता. मी आधी पुढच्या क्रोमवरून हात फिरवला, मग मागच्या, आणि पोचा नाही याची खात्री झाल्यावरच सही केली. गाडी ट्रेलरवर घालून घरी आणली, कारण या इंजिनाचा टायमिंग बेल्ट किती जुना आहे हे माहीत नसताना ते चालवणे धोक्याचे असते. तो तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात. पहिले काम त्या बेल्टचे केले.

मार्चमध्ये राज्याच्या वाहन कार्यालयात टायटलसाठी गेलो. जर्मन कागदांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर, सीमाशुल्काची नोंद, एचएस-७ ची प्रत आणि खरेदीचा करार एवढे लागते. परदेशी टायटल पाहायची सवय प्रत्येक खिडकीला नसते. माझे कागद वरच्या कार्यालयात पाठवले गेले आणि उत्तर यायला काही आठवडे लागले. न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के विक्रीकर इथेच भरावा लागतो. तो १,२०५.७५ डॉलर झाला, म्हणजे केंद्राच्या सगळ्या शुल्कांच्या दुपटीहून जास्त, आणि आयातीच्या अंदाजपत्रकात तो सहसा कोणी धरत नाही. ऐतिहासिक गाडीची नंबरपाटी घेता आली असती, पण ती प्रदर्शन आणि तत्सम कारणांपुरतीच वापरता येते. मला गाडी चालवायची होती, म्हणून साधी नोंदणी घेतली. एवढ्या जुन्या पेट्रोल गाडीला इथे ठराविक मुदतीची तपासणी लागत नाही.

विम्याच्या वेळी बंपरचा विषय पुन्हा निघाला आणि मला वाटते या सगळ्यातला सर्वांत व्यावहारिक मुद्दा तोच आहे. भाग ५८१ फक्त प्रवासी मोटारींना लागू आहे. पिकअप, व्हॅन आणि एसयूव्ही यांना बंपरच्या उंचीचे ते बंधन नाही. रस्त्यावर आज त्यांचीच गर्दी आहे, त्यामुळे पार्किंगमध्ये मागे येणारा ट्रक माझ्या बंपरला न लागता सरळ पत्र्याला लागेल. अमेरिकी गाडीचा दांडा जो धक्का पोटात घेतो, तो माझ्या गाडीत ब्रॅकेट, क्रोम आणि मडगार्ड घेणार. नियमाने जो खर्च वाचवायचा होता, तो मी आयात करून स्वतःकडे घेतला आहे, हे डोळे उघडे ठेवून मान्य केले पाहिजे. म्हणून गाडीची किंमत आधीच ठरवून देणारा, जुन्या गाड्यांचा विमा घेतला आणि एक पुढचा बंपर जर्मनीतून मागवून तळघरात ठेवला.

शेवटचा अडथळा नंबरपाटीचा होता. न्यू जर्सीत पुढेही पाटी लागते. जर्मन पाटी ५२० मिलिमीटर लांब आणि ११० मिलिमीटर उंच असते, म्हणून ती सडपातळ बंपरवर आडवी बसते. अमेरिकी पाटी १२ इंच रुंद आणि ६ इंच उंच, त्यामुळे ती पट्टीच्या वरखाली डोकावते. क्रोमला नवे भोक पाडले की तिथून गंज सुरू होतो. जर्मन पाटीची दोन जुनी भोके वापरून, मागे रबराची चकती घालून अ‍ॅल्युमिनियमची पट्टी बसवली आणि तिच्यावर पाटी लावली. पट्टी ओळखीच्या वर्कशॉपमध्ये कापून घेतली, तिचे १५ डॉलर झाले. बोल्ट स्टेनलेसचेच वापरा आणि फार आवळू नका, पातळ पत्रा लगेच आत ओढला जातो.